घरपट्टी माफ, पण भरपाई कोणाच्या खिशातून?

महापालिकेची निवडणूक आली की घरपट्टी माफीचं आश्वासन येतं. मुंबईत २०१७ च्या निवडणुकीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याचा शब्द दिला गेला. २०१९ मध्ये त्यातला फक्त सर्वसाधारण कर माफ झाला आणि पूर्ण माफी यायला जानेवारी २०२२ उजाडलं. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत हीच मर्यादा ७०० चौरस फुटांवर नेण्याचं आश्वासन दिलं गेलं. पुण्यात सवलत वेगळी आहे. मालक स्वतः घरात राहत असेल तर त्याला ४० टक्के सूट मिळते. १९७० पासून चालत आलेली ही सूट २०१९ मध्ये बंद झाली आणि लोकांनी आवाज उठवल्यावर २०२३ मध्ये परत आली.

अशा माफीकडे आपण कसं बघायचं? मी तिच्या सरसकट बाजूने नाही आणि सरसकट विरोधातही नाही. पण मत देण्याआधी तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे. माफी कोणाला मिळते, कोण बाहेर राहतं आणि कमी झालेले पैसे कुठून येतात.

पहिली गोष्ट. मुंबईतली ५०० चौरस फुटांची माफी आपल्या माणसांच्या उपयोगाची आहे, हे आधी मान्य करू. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेलं घर २२५, २६९ किंवा ३०० चौरस फुटांचं असतं. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या रहिवाशांना २०२५ मध्ये नव्या इमारतीत मिळू लागलेली घरंही ५०० चौरस फुटांचीच आहेत. तिथल्या बौद्ध, मातंग, चर्मकार कुटुंबांसाठी आणि गिरणी कामगारांच्या मुलांसाठी हा कर म्हणजे महिन्याच्या हिशेबातली खरी रक्कम आहे. क्षेत्रफळाची मर्यादा असल्यामुळे मदत लहान घराला मिळते, मलबार हिलच्या फ्लॅटला मिळत नाही. हीच मर्यादा ७०० वर गेली की लाभ वरच्या थरात सरकतो. ३०० फुटांच्या घराला त्यातून नवं काही मिळत नाही, कारण त्याची घरपट्टी आधीच माफ आहे.

पुण्याच्या सवलतीचा निकष घराचा आकार नाही, तर मालक स्वतः राहतो का, हा आहे. इथे दुसरा प्रश्न उभा राहतो. ज्याच्या नावावर घरच नाही त्याचं काय? नांदेड, बीड, गोंदियाहून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली पोरं कॉट बेसिसवर राहतात. भाड्याने दिलेल्या घराला ४० टक्क्यांची सूट नाही. म्हणजे मालक राहतो त्या घराची पट्टी कमी, भाडेकरू राहतो त्याच घराची जास्त. मालक ती पट्टी भाड्यातच धरतो. पावती मालकाच्या नावाची असली तरी पैसे भाडेकरूच्या खिशातून जातात.

आणि भाडेकरू कोण असतो, याचा जातीशी संबंध आहे. ज्याच्या आजोबांना जमीन नव्हती, बापाला गावाच्या बाहेर जागा होती, त्याला शहरात वारशाने फ्लॅट मिळत नाही. खोली बघायला गेलं की आधी आडनाव विचारलं जातं, मग ‘तुमचं जेवण काय’ हे विचारलं जातं. हा अनुभव मला आहे आणि तुमच्यापैकी अनेकांना असेल. ज्याला विकतही नाही आणि धड भाड्यानेही घर मिळत नाही, त्याला घरमालकांच्या सवलतीतून काय मिळणार?

आता तिसरा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न. २०१७ पर्यंत जकात हे मुंबई महापालिकेच्या उत्पन्नाचं सर्वात मोठं साधन होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. तिच्या बदल्यात राज्य सरकार महापालिकेला भरपाई देतं, दरवर्षी ८ टक्के वाढ धरून. म्हणजे पालिकेच्या तिजोरीत एक पैसा येतो मालमत्तेवरून आणि दुसरा येतो लोक रोज जे विकत घेतात त्यावरून. घरपट्टी माफ झाली म्हणून साबणावरचा जीएसटी वाढत नाही, हे खरं. पण मालमत्तेचा वाटा कमी झाला की पालिका खरेदीवरच्या करावर जास्त अवलंबून राहते आणि उरलेली तूट शुल्क लावून भरायला बघते.

हे कसं होतं ते मुंबईतच दिसलं. २०२५ मध्ये महापालिकेने कचरा उचलण्याचं शुल्क लावण्यासाठी नियमांचा मसुदा मांडला. ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिन्याला १०० रुपये. ५०० चौरस फूट म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. ज्या घराची पट्टी माफ केली, त्याच घरासाठी हे दुसरं बिल तयार केलं गेलं. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात झोपडपट्टीतली दुकानं, हॉटेलं, गोदामं यांना मालमत्ता कर लावण्याचा प्रस्ताव आला.

खरेदीवरचा कर तर घर आहे की नाही हे बघतच नाही. खासगी क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी आहे. फी ५० हजार असेल तर वर ९ हजार कर. तो कलेक्टरच्या मुलालाही तेवढाच आणि ऊसतोड कामगाराच्या मुलीलाही तेवढाच. ३०० रुपयांच्या मोबाइल रिचार्जमध्ये साधारण ४६ रुपये कराचे असतात. आपल्यातले अनेक जण ‘मी कुठे टॅक्स भरतो’ असं म्हणतात, कारण त्यांना आयकर लागत नाही. आरक्षणावरून ‘आमच्या टॅक्सच्या पैशावर शिकता’ असा टोमणाही ऐकून घेतात. तुम्ही कर भरता. रोज भरता. तुमच्या नावाने पावती फाटत नाही, एवढंच.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा लोकल फंड आणि म्युनिसिपालटीची जकात शेतकऱ्याला कशी नागवते, हे मांडलं होतं. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना दाखवून दिलं की आयकर ठरावीक उत्पन्नाच्या खाली लागत नाही, शेतसारा मात्र लहानातल्या लहान शेतकऱ्यालाही चुकत नाही. त्यांचा मुद्दा साधा होता: कर माणसाच्या ऐपतीप्रमाणे असावा. घरपट्टीची माफीही याच मापाने मोजली पाहिजे.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांनी थेट मतदान करून स्वतःच्या घरात राहणाऱ्यांच्या करमूल्याची वाढ महागाईच्या दराइतकी मर्यादित केली. या सवलतीत राहणाऱ्या स्थानिक संस्थांना त्यासाठी डॉलरमागे जास्तीत जास्त एक सेंट जादा विक्रीकर लावता येतो, पण तोही तिथल्या मतदारांची मंजुरी घेऊनच. भाडेकरूंवरचा अन्याय तिथेही आहेच. पण घरमालकाला काय मिळणार आणि दुकानातल्या बिलावर किती वाढणार, हा सौदा मतदाराला दिसतो. आपल्याकडे माफी फलकावर छापली जाते आणि भरपाई अर्थसंकल्पाच्या आतल्या पानांत राहते.

ती पानं वाचणं हे आपलं काम आहे. आपल्या घरात पहिल्यांदा आपण पदवी घेतली. वस्तीतली माणसं रेशनकार्डाचा, जातीच्या दाखल्याचा कागद घेऊन आपल्याकडे येतात. आता पालिकेचा अर्थसंकल्पही त्यांना वाचून दाखवू. माफीमुळे किती रुपये कमी झाले, कोणतं शुल्क वाढलं, पालिकेच्या शाळा आणि दवाखान्यांची तरतूद किती, सफाईची किती कामं कायम कामगारांकडून काढून ठेकेदाराला दिली, हे एका कागदावर मांडता येतं. पालिकेची शाळा, पालिकेचा दवाखाना आणि पालिकेतली सफाईची नोकरी यांवर आपली माणसं सर्वाधिक अवलंबून आहेत. तिजोरी रिकामी झाली तर पहिला फटका त्यांनाच बसतो.

म्हणून माझं मत असं आहे. लहान घराची माफी राहू द्या, पण क्षेत्रफळाची मर्यादा वाढवू नका आणि ती एका कुटुंबाच्या एकाच घराला द्या. भाड्याच्या घरालाही सूट द्या, ती भाड्यात कमी झालेली दाखवण्याच्या अटीवर. तूट भरायची तर मोठ्या घरांकडून, रिकाम्या ठेवलेल्या फ्लॅटकडून आणि बड्या थकबाकीदारांकडून भरा. उमेदवार दारात आला की ‘माफी देणार का’ एवढंच विचारू नका. ‘भरपाई कोणाकडून घेणार’ हे विचारा, आणि उत्तर आकड्यात मागा.