निषेधाची जागा

नागरिकाने सरकारविरुद्ध बोलावे हे तत्त्वतः सर्वांस मान्य असते. मतभेद उत्पन्न होतो तो त्याने कोठे उभे राहून बोलावे याविषयी. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबरात तेथे पुन्हा सत्याग्रह योजला, तेव्हा विरोधकांनी ते तळे खाजगी मालकीचे असल्याचा दावा गुदरून दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम मिळविला. गावात परिषदेला जागा मिळेना, आणि अखेरीस एका मुसलमान गृहस्थाने दिलेल्या जमिनीवर मंडप उभा राहिला. बाबासाहेबांनी हुकमाचा मान राखून सत्याग्रह तहकूब केला, परंतु दावा नेटाने लढविला, आणि 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधकांचे अपील फेटाळले. दुसऱ्याची मालकी आपली वाट अडवू शकते, परंतु सार्वजनिक वस्तूवर खाजगी मालकी सांगणाऱ्याला न्यायासनापुढे जाब द्यावा लागतो, ही दोन्ही सत्ये या एकाच प्रकरणात सामावली आहेत.

आपल्या संविधानाच्या 19 व्या अनुच्छेदाने शांततेने व निःशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला, आणि त्यावर सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही राज्याला दिली. रेल्वेच्या आवारात सभा भरविणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये निर्णय दिला, की हा हक्क परक्याच्या जागेत शिरून बजावता येत नाही. रस्त्याची गोष्ट निराळी. मुंबई पोलीस अधिनियमाच्या आधारे अहमदाबादेत केलेला, रस्त्यावरील सभेस परवानगी देणे न देणे सर्वस्वी पोलिसांच्या मर्जीवर सोपविणारा नियम त्याच न्यायालयाने 1972 मध्ये रद्द ठरविला. सभेचे नियमन करावे, परंतु सभाच अशक्य करू नये, हा त्यातील आशय. पुढे 2020 मध्ये दिल्लीच्या शाहीन बागेच्या प्रकरणात सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून धरता येणार नाही, असेही त्याने स्पष्ट केले.

हे निर्बंध मला मान्य आहेत. रुग्णालयाकडे निघालेला आजारी मनुष्य किंवा रोजंदारीला निघालेली बाई यांचाही त्या रस्त्यावर तेवढाच हक्क आहे. परंतु रस्ता रहदारीसाठी आणि आवार मालकासाठी राखून ठेवणाऱ्या राज्यावर निषेधासाठी तिसरी जागा देण्याचे बंधन येते, आणि ती जागाही अशी हवी, की तेथील घोषणा कारभाऱ्यांच्या कानी पडावी. दिल्लीच्या जंतरमंतरवर निदर्शनांना घातलेली सरसकट बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये उठविली, ती याच न्यायाने. म्हणून सभेचा अर्ज नामंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने आपली कारणे लेखी द्यावीत, आणि पर्यायी जागा व वेळ त्याच हुकमात नमूद करावी. तेवढे केल्यावाचून त्याच्या नकाराला वाजवी निर्बंध म्हणता येणार नाही.