पुराव्यावाचून न्याय नाही

जखमेवर हळद लावावी, हे आमच्या घरोघरच्या आज्यांस ठाऊक. तथापि १९९५ साली अमेरिकेने त्याच गुणाचे पेटंट तेथील एका विद्यापीठास बहाल केले! डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व शास्त्रीय निबंध पुढे मांडले, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झाले. पेटंटात मूळ देश सांगावा, ही मागणी भारताने जागतिक व्यापार संघटनेत लावून धरली; २०२४ च्या जिनिव्हा करारात ती तत्त्वतः मान्य झाली. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या गोंड-माडिया वैदूंची विद्या मुखोद्गतच राहिली, तर तिच्या वतीने कोणी काय दाखवावे? २००२ च्या कायद्यान्वये गावोगाव जैवविविधता नोंदवही करावयाची आहे. वनोपजाच्या व्यापाऱ्यांनी त्या कामी साह्य करावे. मालकी मात्र ग्रामसभेचीच असावी.