झाड लावावे, पुरू नये

खांब रोवतात, बी पेरतात, झाड लावतात. भाषेने ही क्रियापदे निरनिराळी ठेवली असली, तरी वृक्षारोपणाच्या दिवशी आपण झाडही खांबासारखेच रोवतो. जितके खोल, तितके भक्कम, अशी आपली समजूत असते. (विदर्भात भाताची ‘रोवणी’ होते हे खरे, परंतु तेथेही रोप फार खोल गेले की फुटवे कमी येतात.)

काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीत बकुळीची रोपे लावली. रोप वाऱ्याने हलू नये म्हणून खोडाभोवती वीतभर माती चढवून ती पायाने दाबावी, हा आग्रह माझाच होता. पहिली दोन वर्षे सारे ठीक दिसले. पुढे शेंडे वाळू लागले, पाने लहान निघू लागली. आम्ही कधी पाण्याला दोष दिला, कधी वाळवीला. पाचव्या वर्षी एक झाड वादळात कोलमडले, तेव्हा दिसले की मातीखालची साल काळी पडून कुजली होती आणि खोडाला नंतर फुटलेले एक मूळ त्याच खोडाला फासासारखे वेढून बसले होते.

असे का होते? मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. ती त्यांना मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळते आणि जसजसे खोल जावे, तसतशी कमी होत जाते. म्हणूनच झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांतच पसरलेली असतात. खोडाची साल मात्र उघड्या हवेत राहण्यासाठी घडलेली असते. ती सतत ओल्या मातीत राहिली की बुरशीला वाट मिळते. झाड साठवलेल्या अन्नावर काही वर्षे तग धरते. त्यामुळे मृत्यूचे कारण खड्ड्यात असूनही संशय भलतीकडेच जातो.

संत्र्याच्या बागाईतदाराला हे सांगावे लागत नाही. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून कलम तयार होते. तो जोड जमिनीच्या वर वीतभर राहिला पाहिजे, याकडे त्याचे बारीक लक्ष असते. कारण जोड मातीत गेला तर डिंक्या रोग बाग बसवतो. पावसाळ्यापूर्वी बुंध्याला बोर्डो मलम लावतात, तेही ह्याच भयाने. फळझाडाच्या बाबतीत आपण जी काळजी घेतो, ती रस्त्याकडेच्या झाडाच्या वाट्याला येत नाही. त्याचे फळ कोणी विकत नाही, एवढाच काय तो फरक!

यावर कोणी म्हणेल, ‘आमचा प्रदेश कोरडा, खोल खड्डा घेतल्यावाचून ओल कशी मिळणार?’ शंका योग्य आहे. पण खड्डा खोल असणे वेगळे आणि रोप खोल जाणे वेगळे. उन्हाळ्यात हात-दीड हात खोल खड्डा खणावा, त्याला ऊन द्यावे आणि पावसाआधी माती व कुजलेले शेणखत यांनी तो भरून काढावा. पहिल्या पावसाने भर खाली बसते. ती बसण्यापूर्वीच घाईने रोप लावले, तर मातीबरोबर रोपही खचते. मग पिशवीतील मातीच्या गोळ्याएवढीच जागा उकरावी, पिशवी फाडून काढावी आणि खड्ड्यावर एक काठी आडवी ठेवून पाहावे: मुळे जेथून फाकू लागतात ती जागा काठीच्या पातळीला, किंवा बोटभर वर असावी. रोपवाटिकेतच पिशवीत वरून माती पडलेली असते. म्हणून ती जागा बोटाने उकरून शोधावी लागते. मुळे उघडी पडू नयेत, हे अर्थातच आले. आळे करायचे ते खोडापासून दूर, कडेने. बुंध्याशी मातीचा ढीग नको. काळ्या भारी जमिनीत, जेथे पाणी साचते, तेथे रोप थोड्या उंचवट्यावरच बरे.

एवढे करण्यास एका रोपामागे काही मिनिटे अधिक लागतात. ती मिनिटे मोहिमेच्या दिवशी नसतात. 1950 मध्ये कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून आपण झाडे लावण्याचा दिवस साजरा करीत आलो. महाराष्ट्रात 2016 मध्ये 2 कोटी वृक्षांचे उद्दिष्ट होते. ते 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटींवर गेले. संकल्प मोठा असण्यास माझी हरकत नाही. हरकत आहे ती मोजणीच्या वेळेला. ज्या दिवशी खड्डा बुजला त्याच दिवशी झाड मोजले, तर खड्डा बुजवणाऱ्याने काठी आडवी का ठेवावी? मजुरी खड्ड्यांच्या संख्येवर ठरत असेल, तर त्याला दोष तरी कसा द्यावा? मोजणी तीन वर्षांनी करावी आणि मजुरीचा काही भाग जगलेल्या झाडामागे ठेवावा. ज्याच्या हाती कुदळ आहे, त्याला खोलीचे कारण समजावून सांगावे. कारण कळले, तर अक्षरओळख नसलेला माणूसही माझ्यासारख्या शिकलेल्यापेक्षा नेमके रोप लावतो. आमच्या वसाहतीत मला माझी चूक दाखवली ती पडलेले झाड उचलायला आलेल्या माळ्यानेच.

त्याच्याच सांगण्यावरून उरलेल्या बकुळींच्या बुंध्याभोवतीची माती आम्ही हातांनी हळूहळू दूर केली. दोन झाडे तरीही वाळली. बाकीच्यांना पुढल्या पावसात नवी पालवी फुटली.