एंटरची घाई आणि उसाची नोंद



उसाची नोंद बरोबर लागली की अर्धी तोडणी झाली असे समजावे. लागणीची तारीख, क्षेत्र आणि जात पाहूनच तोडणीचा कार्यक्रम लागतो. पूर्वी ही नोंद चिटबॉयच्या वहीत व्हायची. चुकले तर काट मारायची, वर सही घ्यायची, काम झाले! आता नोंद कॉम्प्युटरवर, मोबाईलवर होते. साखर आयुक्तालयाने 2022 साली 'महा-ऊस नोंदणी' हे ॲपही काढले. सोय मोठी आहे, आमचा तिला विरोध नाही. पण कॉम्प्युटरवरच्या फॉर्मात एक बारीक काटा असतो. तो उमरखेड-पुसदच्या सभासदाच्या पायात मोडू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा काटा म्हणजे कीबोर्डवरचे 'एंटर' बटन. क्षेत्राच्या रकान्यात 0.80 भरले, आता खालच्या रकान्यात जायचे म्हणून माणूस एंटर दाबतो. पण वेबपानाची रीत अशी, की एका ओळीच्या रकान्यात एंटर दाबले की बहुधा सबंध फॉर्मच रवाना होतो. शेऱ्याच्या मोठ्या रकान्यात मात्र त्याच एंटरने नुसती नवी ओळ मिळते. एकच बटन अन् दोन चाली! हंगामाच्या रकान्यात आधीपासून 'सुरू' असेल आणि ऊस आडसाली असेल, तर फॉर्म तसाच जातो. मग पिकलेला ऊस उन्हाळ्यात वाळत उभा, वजनाची घट सभासदाच्या माथी.

मराठीत तर जास्तच पंचाईत. इंग्रजी अक्षरांवरून मराठी टाईप करताना खाली शब्दांची यादी येते. हवा तो शब्द बऱ्याचदा एंटरने घेतला जातो. फॉर्म कच्चा बनवला असेल तर तो एंटरही 'पाठवा' असाच धरला जातो. वास्तविक शब्द अजून जुळतो आहे ही खूण ब्राउझर देत असतो. बनवणाऱ्याने ती तपासायची, एवढेच काम.

काही म्हणतात, एंटर बंदच करा. आम्हाला हे पटत नाही. ज्यांना दिसत नाही, ज्यांना माऊस धरता येत नाही, त्यांचा सारा कारभार कीबोर्डवर चालतो. त्यांची वाट कशाला अडवायची?

आमचे मागणे चारच गोष्टींचे. रकाना रिकामा असेल तर फॉर्म जाऊ नये, कोणता राहिला ते मराठीत सांगावे. पाठवण्याआधी भरलेली सारी माहिती एकदा समोर दाखवावी आणि मगच 'कायम करा' म्हणावे. एकदा दाबल्यावर ते बटन बंद व्हावे, म्हणजे दुबार नोंद होणार नाही. आणि दुरुस्तीला मुदत असावी. ई-पीक पाहणीत 2022 साली 48 तासांत आपली नोंद आपणच दुरुस्त करायची सोय दिली गेली. जे सातबाऱ्याच्या पिकाला जमले, ते उसाच्या नोंदीला का जमू नये?

आपल्या शेतकी खात्याने येत्या हंगामाआधी हे करून घ्यावे. तोवर सभासदांनी पुढच्या रकान्यात जाण्यासाठी 'टॅब' बटन वापरावे. पोराकडून किंवा सेवा केंद्रात फॉर्म भरून घेत असाल तर पाठवण्याआधी मोठ्याने वाचून घ्यावा. पोचपावती घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नये, ही विनंती.