ज्याची पाळी, त्याची खेळी



पावसाळा सुरू झाला की महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतील ज्येष्ठांचे फिरणे थांबते. पायवाटा निसरड्या होतात, वीज वेळी-अवेळी जाते, आणि दिवस ओटीपासून माजघरापर्यंत आखडतो. गणपतीला मुंबई, पुणे, सुरतेहून घरची माणसे येतात, तेव्हा नातवंडांच्या सामानात अलीकडे पटावरच्या नव्या खेळांचे खोके दिसू लागले आहेत. त्यांतील एका प्रकाराविषयी आज लिहायचे आहे. या खेळांत खेळणारे परस्परांचे प्रतिस्पर्धी नसतात; सर्वांनी मिळून खेळावर मात करायची असते. जिंकले तर सारे जिंकतात, हरले तर सारे हरतात. त्यांना सहकारी खेळ म्हणतात.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच अनोळखी नाही. सारीपाटात समोरासमोर बसलेले दोघे भिडू असतात, मेंढीकोटातही जोड्या असतात. फरक इतकाच की तेथे समोर दुसरी जोडी असते. येथे समोर फक्त पट आणि पत्त्यांचा गठ्ठा असतो.

माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांतून या खेळांविषयी जी मते कानावर पडतात, त्यांत सर्वाधिक नाव येते ते 'फॉर्बिडन आयलंड' या खेळाचे. मॅट लीकॉक या अमेरिकी रचनाकाराचा हा खेळ २०१० साली आला. दोन ते चार जणांनी खेळायचा, साधारण अर्ध्या तासाचा. जमिनीचे २४ चौकोनी तुकडे मांडून एक बेट तयार होते आणि ते हळूहळू बुडत असते. त्यावरून चार मौल्यवान वस्तू गोळा करून सर्वांनी सुखरूप बाहेर पडायचे. आपल्या पाळीला तीन कामे करता येतात: चालणे, शेजारचा पाण्याखाली गेलेला तुकडा सावरणे, सोबत्याला पत्ता देणे, किंवा एकाच जातीचे चार पत्ते जमल्यास वस्तू ताब्यात घेणे. त्यानंतर दोन पत्ते ओढायचे आणि मग पुराचे पत्ते उलटायचे. ज्या तुकड्याचा पत्ता निघेल तो पाण्याखाली जातो. सावरण्याआधी तोच पुन्हा निघाला तर कायमचा बुडतो.

या यंत्रणेतील खरी मेख 'पाणी वाढले' या तीन पत्त्यांत आहे. त्यांपैकी एक निघाला की पाण्याची पातळी एक घर वर सरकते आणि आधी उलटलेले पुराचे पत्ते पिसून पुन्हा गठ्ठ्याच्या वर ठेवले जातात. म्हणजे जो भाग एकदा भिजला, तोच पुन्हा भिजणार. सावित्री-गांधारीचे पाणी बाजारपेठेत पाहिलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. आरंभी प्रत्येक पाळीला पुराचे दोन पत्ते उलटतात; पातळी चढत गेली की तीन, चार, पाच. किती पातळीपासून सुरुवात करायची, यावरून नवशिक्यापासून निष्णातापर्यंत काठिण्याच्या चार पायऱ्या ठरतात.

आता खेळणाऱ्यांची मते पाहू. एक निवृत्त एस.टी. चालक म्हणतात, "हरवायला समोर कोणी नाही, मग गंमत कसली?" एका आजींचे म्हणणे असे की खेळ अवघड नाही, नातवंडांचे भरभर बोलणे अवघड आहे. काहींना वाटते की सारे नशिबावर आहे. पाणी लागोपाठ दोनदा वाढले तर शहाणपण काय कामाचे? आणि एका निवृत्त शिक्षकांचे मत मला सर्वांत मोलाचे वाटते: "खेळ मला कळतो. पण माझी पाळी आली की चौघे मिळून माझे प्यादे हलवतात."

या मतांवरून 'अवघड' या शब्दाचे तीन निरनिराळे अर्थ निघतात आणि काळजी घेणाऱ्यांनी ते वेगळे ओळखले पाहिजेत.

पहिली अडचण इंद्रियांची. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला पत्त्यावरचे बारीक इंग्रजी अक्षर वाचता येत नाही आणि फिकट निळा व करडा रंग सारखाच दिसतो. संधिवाताने आखडलेल्या बोटांना पत्ते पंख्यासारखे धरणे जमत नाही. ऐकू कमी येणाऱ्याला चौघांच्या एकाच वेळच्या बोलण्यातून काहीच हाती लागत नाही. याला बुद्धीची उणीव समजणे अन्यायाचे आहे. दिवा पटाच्या वर घ्या, पत्त्यांवर मराठीत ठळक अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवा, श्रवणयंत्र व चष्मा लावूनच बसवा. खाली मांडी घालण्याऐवजी पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसवून मेजावर पट मांडा. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकू द्या. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या जेवणाची वेळ खेळापायी टळू देऊ नका.

दुसरी अडचण स्मरणाची आणि एकाच वेळी अनेक गोष्टी ध्यानात ठेवण्याची. वयानुसार नवे नियम बसायला वेळ लागतो. त्यात काळजीचे काही नाही. पहिला डाव नियम शिकण्यासाठीच आहे असे मानावे, सर्वांत सोप्या पायरीने सुरुवात करावी आणि तीन कामांची यादी मोठ्या अक्षरांत समोर ठेवावी. दोन-तीनदा जिंकल्यावरच पायरी चढवावी. सतत हरणारा खेळ माणूस सोडून देतो आणि सतत जिंकणाऱ्या खेळाचा त्याला कंटाळा येतो.

तिसरी अडचण माणसांनी निर्माण केलेली, आणि या स्तंभाचा रोख तिच्याकडेच आहे. 'फॉर्बिडन आयलंड'मध्ये सर्वांचे पत्ते पटावर उघडे असतात. त्यामुळे बोटांचे कष्ट वाचतात खरे, पण ज्याला खेळ अधिक कळतो तो सर्वांच्या खेळ्या एकटाच ठरवू शकतो. सहकारी खेळांवरचा जगभरच्या खेळाडूंचा हा जुना आक्षेप आहे: एकजण सेनापती होतो, बाकीचे त्याची प्यादी. काही रचनाकारांनी त्यावर यंत्रणेतच उपाय योजला. आंत्वान बोझा यांच्या 'हनाबी' या खेळाला २०१३ साली जर्मनीचा मानाचा वार्षिक खेळ-पुरस्कार मिळाला. त्यात आपले पत्ते आपल्याला दिसत नाहीत. ते इतरांकडे तोंड करून धरायचे आणि इतरांच्या मोजक्या सूचनांवरून ओळखायचे. तेथे कोणालाही एकट्याने खेळ चालवता येत नाही. मात्र त्यात स्मरणावर बराच ताण येतो आणि पत्ते हातात धरावे लागतात, म्हणून विस्मरणाची तक्रार असलेल्यांसाठी मी तो सुचवणार नाही.

पटावर जे घडते तेच घरातही घडते. आजोबांना सदऱ्याच्या गुंड्या लावायला पाच मिनिटे लागतात, म्हणून सून त्या लावून देते. आजींना सुटे पैसे मोजायला वेळ लागतो, म्हणून मुलगा पुढे होतो. डॉक्टरांनी वृद्धाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सोबत आलेला माणूस देतो. यात दुष्टावा नसतो. घाई असते, थकवा असतो, मायाही असते. पण वापरात नसलेले कौशल्य उतारवयात लवकर जाते, आणि एकदा गेलेले परत आणणे कठीण असते. काही महिन्यांनी तोच मुलगा सांगतो की आईला आता काहीच जमत नाही. त्यातला काही भाग आजाराचा असतो आणि काही भाग आपण तिची पाळी खेळत राहिल्याचा.

म्हणून खेळापुरता एक नियम घरात ठरवा: ज्याची पाळी, त्याची खेळी. सल्ला मागितला तरच द्यायचा. बोलण्याआधी मनात दहा अंक मोजायचे. "इकडे जा" असे न सांगता "तुमच्या मनात काय आहे?" असे विचारायचे. चुकीच्या खेळीने बेट बुडाले तर बुडू द्या. पत्त्याचेच बेट आहे ते. अर्ध्या तासाच्या या सरावाने काळजी घेणाऱ्याच्या हाताला थांबण्याची सवय लागते आणि ती पुढे गुंडी, पैसे, दवाखाना यांतही उपयोगी पडते. जेथे चुकीची किंमत मोठी आहे, उदाहरणार्थ इन्सुलिनची मात्रा, गॅसची शेगडी, ओल्या पायऱ्या, तेथे अर्थातच लक्ष हवे. पण गोळ्यांची डबी आजींनीच भरावी आणि आपण नुसती तपासावी, इतके तर करता येते.

अशा खेळांनी स्मृतिभ्रंश टळतो का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींच्या पाहणीचा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. तथापि ज्यांचा मेंदू आधीच मंदावू लागला आहे ते खेळ आपोआप सोडतात, हेही खरे. त्यामुळे खेळ हे औषध आहे असे म्हणता येत नाही. एकटेपणा आणि उपचाराविना राहिलेला बहिरेपणा यांचा स्मृतिभ्रंशाशी संबंध आहे, हे मात्र वैद्यकात आता मान्य आहे. चार माणसांत बसून, ऐकून, विचारपूर्वक खेळण्याने निदान या दोहोंकडे आपले लक्ष जाते.

खेळाला परीक्षा मात्र बनवू नका. नवा नियम विसरणे हा आजार नव्हे. पण जन्मभर मेंढीकोट खेळलेला माणूस काही महिन्यांत हुकूम कोणता हेच पुन्हापुन्हा विसरू लागला, जुनी वाट चुकू लागला किंवा आवडत्या खेळातून उठून जाऊ लागला, तर डॉक्टरांना दाखवा. नैराश्य, थायरॉइडचा विकार, जीवनसत्त्व बी-१२ची कमतरता, झोपेच्या गोळ्या यांनीही असे होते आणि यांवर उपाय आहेत.

शेवटी आपल्या भागापुरता एक इशारा. जुलै २०२१चा पूर आणि तळीयेची दरड आपल्यापैकी अनेकांच्या घरांतून गेली आहे. ज्याने पाण्यात आपले माणूस किंवा संसार गमावला, त्याच्यापुढे बुडणारे बेट मांडण्याआधी विचारा. लीकॉक यांचाच २००८चा 'पँडेमिक' हा खेळ साथीच्या रोगांवर आहे. कोविडमध्ये जोडीदार गेलेल्यांना तोही नकोसा वाटेल. कोणी गप्प झाले, घामाघूम झाले, झोप उडाली असे सांगू लागले, तर पट गुंडाळा आणि त्यांच्याजवळ बसा. उलट काहींना याच खेळात बरे वाटते, कारण येथे वाळूच्या पोत्यांचा पत्ता त्यांच्या हातात असतो आणि सोबतीला माणसे असतात. कोणाला काय मानवते, हे त्यांनाच ठरवू द्या. ही पाळीसुद्धा त्यांचीच आहे.

येत्या पंधरवड्यात घरी एक डाव मांडून पाहा. खेळ कोणता, हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला निवडू द्या.