टॉवर नसलेलं आकाश

28 जानेवारी 2026 ला बारामतीत अजित पवारांचं विमान कोसळलं, पाच जण गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून 'अनकंट्रोल्ड एअरफिल्ड' हा शब्द चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू यायला लागला. टॉवरच नाही म्हणजे काय? मग विमानं उतरतात कशी? आमच्या नात्यातली एक मुलगी सध्या विमान चालवायला शिकते आहे, तेही अशाच टॉवर नसलेल्या धावपट्टीवर (कुठे ते सांगत नाही, ती रागावेल). त्यामुळे घरात हा प्रश्न जरा जास्तच जोरात विचारला गेला. तिच्या आजीने तर "परत बोलवा तिला" असा निकालच दिला. बारामतीचा अपघात दोन विमानांच्या टकरीचा नव्हता. पण आजीची भीती टकरीची आहे, आणि ती काही अगदीच खुळी नाही.

त्या दिवशी बारामतीकडे निघालेल्या विमानाला पुण्याच्या नियंत्रकांनी सुमारे 30 नॉटिकल मैल, म्हणजे 55 किलोमीटर आधी सोडून दिलं. पुढे रेडिओवर कोण? सरकारी निवेदनानुसार तिथल्या प्रशिक्षण संस्थांचे इन्स्ट्रक्टर आणि वैमानिक. त्यांनी द्यायची ती माहिती. वारा कुठला, आणखी कोण उडतंय वगैरे. यात बेकायदा काही नाही. जगातली बहुतेक छोटी विमानतळं अशीच चालतात, अमेरिकेत तर अशी हजारो आहेत.

पद्धत तशी साधी आहे. धावपट्टीभोवती एक काल्पनिक चौकोन असतो, त्याला सर्किट म्हणतात. जमिनीपासून साधारण 1000 फुटांवर, बहुतेक ठिकाणी डावीकडे वळत, सगळ्यांनी त्याच चौकोनातून फिरायचं. प्रत्येक बाजूला पोचलं की रेडिओवर सांगायचं : मी अमुक, इथे आहे, उतरणार आहे. आपण बोळाच्या वळणावर सायकलची घंटी वाजवायचो, तसंच. सिग्नल बंद पडलेल्या चौकातून पुणेकर कसा बरोब्बर वाट काढतो, असं आपण कौतुकाने म्हणतो ना? पण मंडळी, आपल्याकडे ब्रेक असतो. विमानाला हवेत थांबता येत नाही.

आणि घंटी पुरत नाही. 19 नोव्हेंबर 1996 ला अमेरिकेतल्या क्विन्सी या गावी टॉवर नसलेल्या विमानतळावर एक छोटं प्रवासी विमान उतरत होतं. त्याला छेदणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीवर एक किंग एअर उड्डाणाला उभं होतं. उतरणाऱ्यांनी रेडिओवर चक्क विचारलं, तुम्ही थांबताय की निघताय? उत्तर आलं, थांबलोय. पण ते उत्तर किंग एअरचं नव्हतंच! त्याच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच विमानाच्या वैमानिकाने ते दिलं होतं, आणि नेमकं त्याच क्षणी कॉकपिटमधल्या उंची सांगणाऱ्या यंत्राचा आवाज त्याच्या शब्दांवर पडला. किंग एअर निघालं. दोन्ही विमानांतले मिळून चौदा जण गेले. प्रवासी विमानातले लोक धडकेतून वाचले होते, पण दार उघडेना आणि आग लागली. मला ही हकीकत वाचल्यापासून अस्वस्थ करते, कारण त्या उतरणाऱ्या वैमानिकांनी विचारायचं ते विचारलं होतं.

8 जुलै 2025 ला कॅनडात मॅनिटोबा प्रांतातल्या स्टाइनबाखजवळ उतरण्याचा सराव करणारी दोन प्रशिक्षण विमानं एकमेकांवर आदळली. दोन्ही शिकाऊ वैमानिक गेले. त्यातला एक केरळचा मुलगा होता. रेडिओ दोन्हीकडे होते. तेव्हा 'इथे धोका आहे, बाहेर पाठवू' हा आपल्या मध्यमवर्गीय घरांतला तोडगाही काही कामाचा नाही (शिवाय त्याचा खर्च ऐकलात तर...).

डोळे उघडे ठेवा म्हणावं, तर डोळेही फसवतात. आपल्यावर आदळायला येणारं विमान काचेत हलताना दिसतच नाही. जे हलतं ते बाजूने निघून जातं. जे आदळणार असतं ते एका जागी ठिपक्यासारखं चिकटून बसतं आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठं होतं. त्यात काही विमानांचे पंख वर, काहींचे खाली. खाली पंख असलेलं विमान वर आणि वर पंख असलेलं त्याच्या खाली, असे दोघे एकाच धावपट्टीकडे उतरत असतील, तर दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो.

मग टॉवर बांधा, ही मागणी बरोबर का? मोठी जेट येत असतील तिथे नक्कीच बांधा. पण कराड, धुळे, शिरपूर, सगळीकडे चोवीस तास नियंत्रक बसवणं होणार नाही, हे मागणी करणाऱ्यांनाही माहीत असतं. टॉवर होईल तेव्हा होईल म्हणताना त्याआधी करता येण्यासारखं राहून जातं, ही माझी खरी तक्रार आहे.

माझ्या मते रेडिओवर बसणारा माणूस कुठल्याही प्रशिक्षण संस्थेचा नसावा. त्याचा विद्यार्थी वर नसावा, पुढचा तास त्याला घ्यायचा नसावा. त्याने आज्ञा देऊ नयेत, फक्त ऐकावं आणि "तुमच्याशिवाय आणखी दोघं सर्किटमध्ये आहेत" एवढं सांगावं. क्विन्सीला असा एक कान असता तर? दुसरं, त्या फ्रिक्वेन्सीवरचं सगळं बोलणं रेकॉर्ड व्हावं आणि महिन्यातून एकदा तिथल्या सगळ्या संस्थांच्या मुलांनी एकत्र बसून ऐकावं. कोण अर्धवट बोलतं, कोण दुसऱ्याचं बोलणं संपायच्या आत बटण दाबतं, हे कुणी न ओरडताही कळेल. तिसरं, आसपासची विमानं पडद्यावर दाखवणारं यंत्र प्रत्येक शिकाऊ विमानात हवं. समोरच्यानेही आपली जागा प्रक्षेपित केली तरच ते त्याला दाखवतं, म्हणून सक्ती सगळ्यांना हवी, अधूनमधून येणाऱ्या पाहुण्या जेटलासुद्धा.

यातला पहिला खर्च म्हणजे दोन पाळ्यांत बसणाऱ्या माणसांचा पगार. तो धावपट्टी ज्यांची आहे त्यांनी द्यावा, आणि उतरणाऱ्या प्रत्येक विमानाकडून थोडा थोडा वसूल करावा. शिकणाऱ्या मुलांच्या फीमध्ये मात्र घालू नये, ती आधीच पुरेशी आहे.