अर्धे उत्तर

‘बर्फ पाण्यावर का तरंगते?’ या प्रश्नाखाली पुष्कळ विद्यार्थी ‘ते पाण्यापेक्षा हलके असते म्हणून’ एवढेच लिहितात आणि पूर्ण गुणांची अपेक्षा धरतात. ही अपेक्षा रास्त नव्हे. मणभर बर्फाची लादी पेलाभर पाण्याहून हलकी कशी म्हणावी? तरीही ती तळ्यात तरंगतेच! गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, वस्तुमान मात्र तेवढेच राहते. म्हणून १ घनसेंटिमीटर बर्फ सुमारे ०.९२ ग्रॅमच भरते. ‘समान आकारमानाच्या’ हे दोन शब्द ज्याने गाळले, त्याने घनताच गाळली. परीक्षकाने त्यास अर्धेच गुण दिले, तर त्याला कृपण म्हणू नये. तेच बर्फ घासलेटात टाकले असता तळ गाठते. तेथे ते एकाएकी जड झाले काय?